मागून येणारं उत्तर

बसा, कंदील जरा जवळ घ्या. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हाची, दोन हजार तीनची गोष्ट. बंगळूरहून शिकून मी आपल्या गावी, हट्ट्याला परतलो होतो. आपल्या माणसांचं काम या यंत्राला कळलंच पाहिजे, हे वेड डोक्यात होतं. म्हणून मेंढपाळांसाठी प्रोग्राम लिहिला. मेंढीचं नाव टाकलं की ती कुणाच्या कळपात आहे ते दिसायचं. पण यादीत न भरलेलं नाव टाकलं की प्रोग्राम बंदच पडे. अशा नावांसाठी एक ठरलेलं उत्तर आधीच लिहून ठेवावं लागतं.

ते उत्तर मला लहानपणापासून पाठ होतं. दिवस मावळताना शेजारच्या पारूकाकू त्यांच्या एकेका मेंढीला नावानं हाक मारत. जी आली नसेल तिच्यासाठी घरातलं कुणीतरी ओरडायचं, "येऊन राहिलंय मागून!" न्हाई म्हणायचं नसे, म्हटलं तर ती परतत नाही. हे काम त्यांच्या मुलाचं, शिवहारचं. माझा दोस्त. मेंढीसारखा आवाज थरथरवून ओरडायचा, आम्ही हसून लोळायचो. दहाव्या वर्षी, घोंगडी पांघरलेली असतानाच, पूर्णा नदीच्या पुरात गेला. सापडलाच नाही.

एका संध्याकाळी काकू आणि त्यांचे यजमान ज्ञानबाकाका शाळेत प्रोग्राम पाहायला आले.

"शिवहारचं नाव टाक की, लेकरा."

टाकलं. पडद्यावर उमटलं : येऊन राहिलंय मागून.

काकूंनी काचेवर तळवा ठेवला. "व्हय? कवा?"

"काकू, नसलेल्या प्रत्येक नावाला हेच येतं. मीच लिहिलंय ते."

"पूस," काका हळूच म्हणाले. "न्हाईतर पुन्हा रोज त्याची भाकर वाढून बसंल ती."

मी पुसलं. त्या जागी 'नोंद नाही' लिहिलं आणि काकूंना पटावं म्हणून नाव पुन्हा टाकलं.

नोंद नाही.

मग दाराबाहेरून, अगदी जवळून, थरथरत आलं, "येऊन... राहिलंय... मागून..."

मी काकांकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. आवाज दहा वर्षांच्या पोराचा होता.

"दार लाव," काका कुजबुजले.

"लावू नको..." काकू म्हणाल्या.

मी लावलं नाही. जुनं उत्तर तेवढं परत लिहिलं.

आवाज पुन्हा आला नाही. मात्र भर उन्हाळ्यातही शाळा उघडली की ओल्या घोंगडीचा वास येतो. पहिल्या वर्षी ओल उंबऱ्याबाहेर होती. यंदा ती कॉम्प्युटरपुढच्या माझ्या खुर्चीमागं आलीय.