दिव्याजवळची ताई

आईचा एकही धड फोटो आमच्याकडे नव्हता. कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची. म्हणून तिच्या शेवटच्या आजारपणात मी हट्टाने एक काढला. खोलीत एकच दिवा, त्याच्याजवळ खुर्चीत ताई, आणि आई पलीकडे अंधारात. फ्लॅश तिला सोसला नसता. कमी उजेडात काढलेली फिल्म डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, जास्त वेळ ठेवतात, त्याला पुश करणं म्हणतात. फोटो धुण्याचाच माझा धंदा, त्यामुळे यात मला नवं काही नव्हतं.

आई गेल्यावर ती फिल्म धुतली. प्रिंटवर ताई छान उजळ आली, फोटोचे दाणे जरा भरड. आईच्या जागी काळंकुट्ट.

"आई कुठंय रे?" ताईने विचारलं.

"पुश केल्यावर उजेडातलं आणखी उजळतं, ताई. जे टिपलंच गेलं नाही ते कुठून आणू?"

ती ढसाढसा रडली. मलाही भरून आलं.

काही दिवसांनी तिने दुसरी प्रिंट मागितली. या वेळी अंधारात उशी होती, उशीवर केस. मी चक्रावलो. हायपोच्या रसायनात एकदा पक्की झालेली फिल्म बदलत नसते, खुंटीवर वर्षभर लटकवा हवं तर. कागद बदलला, वेळ बदलली. छे! दर प्रिंटमध्ये आई थोडी जास्तच. आधी कपाळ, मग नाक. ताई हरखली. मीही हरखलो, खोटं कशाला सांगू?

मग माझं लक्ष प्रिंटमधल्या दिव्याकडे गेलं. फिल्म डेव्हलपरमध्ये फार राहिली, तर उजळ भाग पांढराफटक होतो, त्यात काही उरत नाही. प्रिंटवर ताईच्या भुवया गेल्या होत्या. ओठही पुसट झालेले.

"आता पुरे," मी म्हणालो.

"डोळे तेवढे येऊ दे ना रे... मग नाही मागणार..."

ती खिडकीपाशी उभी होती. भर उन्हात मला तिचा चेहरा नीट दिसेना. तिला घरी पाठवलं आणि फिल्म पुन्हा हायपोत घातली, चांगली धुतली, वाळवली. बदल थांबला का, हे कळायला एक प्रिंट काढणं भाग होतं.

डार्करूमच्या लाल दिव्याखाली ट्रेमध्ये आईचे डोळे उघडे आले. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. दिव्याजवळच्या खुर्चीकडे बघत होती, आणि तिथे नुसता कोरा कागद होता.

"ताई!" मी एकदम ओरडलो.

"काय रे...?" अगदी माझ्या शेजारून आवाज आला.

मी मोठा दिवा लावला. खोलीत मी एकटाच होतो. भिंतीवर सावल्या मात्र दोन होत्या.