भिंग घासणारा आणि विचारणारी

तुटलेला चष्मा रुमालात गुंडाळून ती दुकानात शिरली, तेव्हा समोरचा चष्मेवाला तिला एका निळ्या सदऱ्याइतकाच दिसला. तरीही भिंग घासणाऱ्या चाकाची घरघर कानी पडताच तिने प्रश्न टाकलाच.

"घासताना पाणी का सोडता?"

"नाहीतर काच तापते… तडकते. चष्मा दुरुस्त करायला आलात, की माझी परीक्षा घ्यायला?"

उत्तरे देता देता त्या कसबी माणसाच्या हातून नऊ वर्षांत न घडलेली चूक घडली: डाव्या डोळ्याचे भिंग उजवीकडे बसले, उजव्याचे डावीकडे.

"कालपासून जिना माझ्याशी भांडतोय!" दुसऱ्या दिवशी ती कपाळ चोळत म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. भिंगे जागेवर आली. तिने त्याला प्रथमच स्वच्छ पाहिले, आणि उगाचच चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

त्यानंतर रविवार सोडून ती रोज चार वाजता येऊ लागली. एकदा त्याने तिलाच चाकावर बसवले.

"हात छान आहे. कुठे शिकलात?"

"मातीची भांडी करायचे… सोडलं. मग नकाशे काढले. तेही सोडलं." तिचा स्वर उतरला. "दादा म्हणतो, तिशी आली, आता एक काहीतरी धर आणि त्याला चिकटून राहा."

तिसऱ्या आठवड्यात दुकानाची फळी लावता लावता तो थबकला.

"रविवारी तुम्ही येत नाही, तेव्हा काम अगदी बिनचूक होतं. मला ते… मुळीच आवडत नाही. तुम्ही कायमच्या याल का?"

हो म्हणण्याची घाई ओठांवर होती. पण सोडून दिलेल्या साऱ्या गोष्टी मनात रांगेने उभ्या राहिल्या.

"आणि तुमच्याबद्दलचं कुतूहलही संपलं तर?"

भिंग उजेडात धरून पाहावे, तसे त्याने तिच्याकडे पाहिले.

"मातीचं संपलं म्हणता, पण माझ्या चाकावर तुमचा अंगठा नेमका हवा तिथेच थांबला. संपलं असतं, तर थांबला असता? — माझ्याबद्दल विचारायचं काही उरलंय?"

"अकरा प्रश्न."

"अकराच?" तो हिरमुसला.

"आजचे अकरा," ती हसली आणि चाकाच्या पाण्याने अजून ओल्या असलेल्या त्याच्या बोटांत तिने आपली बोटे गुंफली. "उद्याचे अजून सुचायचेत."