चांदीचे डोळे

बसा. चहा कोराच आहे. यंदाच्या दुष्काळात दुधाचं नाव काढू नका. जरा हळू बोला, ती आत जागी आहे.

मी इथल्या गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी, रेशनही तिथूनच वाटतो. लग्नानंतर माझ्या बायकोला, नीलाबाईला, देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. तिचा भाऊ विरुपाक्ष मुंबईत चित्रकला शिकलेला. त्याने तिचं चित्र काढलं, नव्या तऱ्हेचं. मान बगळ्याची, चेहरा हिरवट आणि डोळ्यांच्या जागी कोऱ्या खाचा.

"मेव्हणे, रंग संपला का?" मी विचारलं. तो हसला नाही.

घरात ते नकोसं वाटे. सोसायटीत माझ्या खुर्चीमागे, दाराशेजारी टांगलं.

रेशनची लाल मिलो ज्वारी न्यायला बायांची रांग लागे. त्यांना ती देवीच वाटली. मी थट्टेवारी नेलं. एक दिवस वच्छलाबाईनं नवसाचे चांदीचे डोळे आणून मेणानं चिकटवले.

"आईला आमचे हाल दिसंनात. पाऊस कावून पाडील?"

दुपारी घरी आलो, तर नीलाबाई भिंतीकडे तोंड करून हसत होती.

"अवो, दिसतंय मला... रांग दिसतीय. वच्छलाबाईचं लुगडं फाटलंय."

लुगडं खरंच फाटलेलं होतं. मी लहान मुलासारखा रडलो. तिला घर दिसत नव्हतं. चित्रासमोरची खोली तेवढी दिसे. मी चित्राखाली बसणारा, मीही दिसत नसे. पण ती खूश होती.

मग एका संध्याकाळी, मी कुलूप लावून आल्यावर, ती म्हणाली, "वच्छलाबाई अजून रांगेत हाय."

"अगं, ती आपल्या ओट्यावर बसलीय."

"तितं बी हाय..."

आठवडाभरात वच्छलाबाई गेली. पुढे कुलपामागे जी जी दिसली, ती ती गेली. चांदीचे डोळे काढायला निघालो, की नीलाबाई पाय धरायची. "पुन्हा अंधार करू नका हो." कुठल्या तोंडाने काढणार?

आज मी कुलूप लावून आलो. किल्ली ही बघा, खिशात आहे. तिच्या शेजारी बसलो, तर तिचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांत तशी पाहिली नव्हती.

"अवो, तुमी! दिसलात की... केस लई पिकले तुमचे."

तिने चाचपडत माझा हात घट्ट धरला.

"पन... रांगेत पुढं कावून सरकताय?"