छावणीतलं कोरं रीळ

डबा जागेवर होता. आतलं रीळ कोरं होतं.

मुनीरनं ते मशीनवर तीनदा लावून पाहिलं. नुसती खरखर. त्याचा कीबोर्ड आणि त्रिंबकची गिटार, दोघांनी दीड वर्ष खपून जॅझ फ्यूजनच्या सहा चिजा बसवल्या होत्या. उद्या अल्बम मुंबईच्या कंपनीत द्यायचा होता.

"खोलीची चाबी दोघांकडंच. मेरे पास, और इसके पास," रेकॉर्डिंग करणाऱ्या बद्रीनाथकडं बोट करून तो म्हणाला. "चलो पोलीस ठाण्याला."

ही शहाऐंशी सालची गोष्ट. तेव्हा छावणीत दुपारी सायकलची घंटीसुद्धा लांबवर ऐकू यायची. मुनीरचा आवाज तर सगळ्या गल्लीनं ऐकला. खोलीच्या मालकीण मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

"सिस्टर, सोयगाव सोडून वीस वर्षं झाली," बद्रीनाथ म्हणाला. "लोक लाखाची मशीनं माझ्या भरवशावर ठेवून जात्यात. चोर म्हणून नाव झालं तर कोण उभं करील?"

"तासभर थांब रे मुनीर," त्या म्हणाल्या. "बद्रीनाथ, रीळ पुसलंय का?"

"नाय. आमच्या टेपेला सात जागी कापून चिकटवल्याले जोड हायेत. याला एकबी नाय. हे कपाटातलं नवं रीळ."

"काल कोण आलं होतं?"

"त्रिंबकभाऊ. दुपारी समदं ऐकलं त्यांनी. मधी मी चहा आणाया गेलो."

"गिटार वाजवली?"

"नाय. गिटारची पेटी तेवढी खांद्याला होती."

"शेवटची गिटार टेपवर कधी भरली?"

"सहाव्या चिजेची, मंगळवारी. मी गावाला होतो. मुनीरभाईनंच भरून घेतली."

त्रिंबक दाराशी गप्प बसला होता. बाईंनी दिलेला कप त्याच्या डाव्या हातातून निसटला. भाजलं का पाहायला त्यांनी हात धरला. बोटांची टोकं मऊ होती. तारा दाबून पडलेले घट्टे त्यांनी याच बोटांवर कैकदा पाहिले होते.

बद्रीनाथकडं चिजांची कच्ची कॅसेट होती. बाईंनी ती लावायला सांगितली. पाच चिजांत तारेवर बोट सरकल्याची बारीक चरचर होती. सहावीत गिटार सुरेख होती, पण चरचर कुठंच नव्हती.

त्यांनी कॅसेट बंद केली.

"चोराला संगीत पुसायचं नव्हतं, नाहीतर रीळ इथंच पुसलं असतं. बाहेर न्यायचं होतं, तेही कुणाला न दिसता. काल त्या पेटीत येताना गिटार नव्हती, त्रिंबक. जाताना रीळ होतं."

त्रिंबकनं डावा हात मांडीखाली घेतला.

"दोन महिने तू रियाज केलेला नाहीस. घट्टे एका आठवड्यात जात नाहीत. मग मंगळवारची गिटार कुणाची? तारच नाही तिथं चरचर कुठली. ती कीबोर्डवर वाजलीय."

मुनीर खाली बसला.

"दोन महिन्यांमागं स्कूटरवरून पडल्यापासून बोटं ऐकत नाहीत," त्रिंबक म्हणाला. "मंगळवारी मी घाण वाजवलं. हा म्हणाला, बढिया झालं. काल ऐकलं तर मी नव्हतोच त्यात. माझ्या नावानं ते जाऊ देणार नव्हतो मी. रीळ घरी ठेवलंय."

"तेरेकू बुरा लगता बोलके मैंच बजाया. हाताचं मला का नाही सांगितलं?"

"तू तरी सांगितलंस?"

बद्रीनाथनं खिशातली किल्ली काढून मशीनवर ठेवली.

"हा मला चोर म्हणत होता, तवा तुमी इथंच बसला होता त्रिंबकभाऊ."

"चुकलो."

"भाई, माफ कर," मुनीर म्हणाला. "चाबी उचल. उद्या मुंबईला..."

"मुंबईचं नंतर बघा. समोरच्या हाटेलात माणसं बसल्यात. मघाशी त्यांनी समदं ऐकलंय. आधी त्यांच्याम्होरं चला, अन् तितक्याच मोठ्यानं सांगा."

मुनीर बाईंकडं पाहू लागला. त्या कप गोळा करू लागल्या. मुनीरच्या आधी त्रिंबक उठला आणि चपला घालून बाहेर गेला.