रुमालाखालचं उत्तर

मी आमच्या हळदीच्या पेढीत शिरायला आणि तो भुकटीनं भरलेलं घमेलं घेऊन बाहेर पडायला एकच गाठ पडली... धाडकन! दोघंही नखशिखांत पिवळे.

"घ्या! मुहूर्ताआधीच हळद लागली," तात्या, म्हणजे माझे वडील, गादीवरून हसले.

मला असा राग आला! समोरचा मात्र भुवया पुसत हसत होता. सौमित्र. कुपवाडला त्याचं वर्कशॉप. आमचा हळद पॉलिश करायचा ड्रम दुरुस्त करायला आलेला.

"तुमी काय करता?" त्यानं विचारलं.

"कणांची जोरात टक्कर होते ना, त्यातून जड क्वार्कवाले मेसॉन किती निघाले ते मोजते."

"दिसत्यात?"

"छे! जेमतेम मिलिमीटरभर जातात, की फुटले. मग तुकड्यांवरून ओळखायचं, कोण होतं ते."

"लय लाजरं दिसतंय परकरण..." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ड्रमकडे.

ड्रम लगेच सुरू झाला. सौमित्र मात्र माझ्या सुट्टीभर येत राहिला. कधी बेअरिंग वाजतंय म्हणून, कधी पट्टा सैल झालाय म्हणून. मला कळत नव्हतं थोडंच? पण आमच्या कामात एक शिस्त असते — पद्धत पक्की होईपर्यंत उत्तर झाकून ठेवायचं. नाहीतर आपल्याला हवं तेच दिसायला लागतं. आणि मला तर ते फारच हवं होतं... म्हणून त्याच्या एकाही नजरेचा मी अर्थ लावला नाही. रविवारी मी दोन वर्षांसाठी जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत निघणार होते.

तात्या रोज विचारायचे, "काय गं भार्गवी, उघडलं का उत्तर?" ते बापडे मेसॉनचंच विचारत.

सौमित्रला ही शिस्त भारी आवडली. "म्हंजे तात्यांच्या जुन्या सौद्यासारखंच की!"

पूर्वी हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. बोटं दाबून भाव सांगायचा. पटला नाही, तर हात काढून घ्यायचा. पटला, तर सगळ्यांदेखत रुमाल उडवायचा.

रविवारी स्टँडवर तात्या माझी बॅग घेऊन पुण्याच्या एसटीत चढले, आणि सौमित्र धापा टाकत आला.

"बेअरिंग वाजतंय?" मी विचारलं.

"व्हय... पर ड्रमचं न्हाई."

त्यानं माझ्या हातावर रुमाल टाकला. खालून त्याचा हात आला, घामेजलेला. एकही बोट त्यानं दाबलं नाही.

"भाव?"

"भाव न्हाई. तुमी मला लय आवडता. दोन वर्सं काय, लागंल तेवढं थांबीन. पटत नसंल तर... घ्या काढून हात."

कंडक्टरनं घंटी दिली. तात्या खाली उतरत होते. हात काढून घ्यायला अजून वेळ होता. मला हवं तेच मी ऐकलं नव्हतं ना? पण त्याचा हात खरा होता.

तात्या समोर आले. मी रुमाल उडवला.

ते आमच्या हातांकडे बघत राहिले. मग मिशीतल्या मिशीत हसले.

"उघडलं व्हय गं उत्तर?"

"उघडलं, तात्या," मी म्हणाले. आणि कंडक्टर ओरडेपर्यंत तो हात काही सोडला नाही.