उलट्या पावलांचा अर्ज

मंगळवारी सकाळी साडेअकराला विश्राम तोडणकर प्रयोगशाळेत आले ते चपला न काढताच. डॉ. शर्वाणी पाथरे यांनी मान वर करून पाहिलं. यंत्रांवर धूळ बसते म्हणून एरवी याच माणसाने त्यांना दोनदा सुनावलं होतं.

प्रयोगशाळा म्हणजे कातळवेळी गावच्या सड्यावरची बंद पडलेल्या चिरेखाणीची शेड. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. उन्हात तापून लाल होणारं, आणि उत्तरेला सरळ समुद्रात तुटणारं. इथे दुपारी हवेच्या थरांत जी मृगजळं दिसतात ती शर्वाणीबाई तीन वर्षं मोजत होत्या. विद्यापीठाने त्यांना एक दुर्बीण, एक चित्रफिती घेणारा कॅमेरा आणि भरपूर एकांत दिला होता.

विश्रामभाऊ एसटीचे निवृत्त कंट्रोलर. पस्तीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांभाळल्या. निवृत्तीनंतर ती शिस्त कुठे घालवायची म्हणून त्यांनी ‘अनाकलनीय घटना शोध मंडळ’ काढलं. सभासद दोन. स्वतः अध्यक्ष, आणि पंप दुरुस्तीचं दुकान चालवणारी प्रमिला आयरे ही बाकी सगळं. आकाशातले दिवे, उडत्या तबकड्या, विहिरीतले आवाज, जे काही पाहिल्याचं कोणी सांगेल त्याचा ते छापील अर्ज भरून घेत, साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे लिहीत आणि मग जागेवर जाऊन खरंखोटं पाहत. नऊ वर्षांत एकही तबकडी हाती लागली नव्हती. पण मंडळाचा पहिला नियम अध्यक्षांनी स्वतः घातला होता: साक्षीत उलटी पावलं आली की अर्ज बाद. भुताचे पाय उलटे असतात हे कोकणात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. ज्याला थाप मारायची असते तो हमखास ते घालतो, असं त्यांचं म्हणणं.

आज त्यांच्या हातात तसलाच एक अर्ज होता.

“मॅडम, हा नियमाने बाद आहे,” ते म्हणाले. “तरी वाचते का?” मग स्वतःचं चुकलं हे लक्षात येऊन त्यांनी “वाचता का?” अशी दुरुस्ती केली. जीभ अशी अडखळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्यामागचं कारण शर्वाणीबाईंना माहीत होतं. विश्रामभाऊंचा धाकटा भाऊ दिगंबर शनिवारी पहाटे होडी घेऊन गेला तो परतला नव्हता. होडी उपडी सापडली. शोधाची विमानं दोन दिवस समुद्रावर घिरट्या घालून काल परत गेली. दिगंबरची बायको शालन अजून कपाळावरचं कुंकू पुसू देत नव्हती, आणि भावकीतली माणसं ‘विधी उरकून घेऊ’ म्हणून विश्रामभाऊंच्या मागे लागली होती.

अर्ज भागीरथी गोरिवले हिचा होता. गुरं राखणारी, सत्तरीची. शर्वाणीबाई वाचू लागल्या.

‘सोमवारी सांच्याला गुरा वलवताना मी माज्या डोल्यांनी बगितला. कड्याच्या बाजूला चार भुता होती, पावला उलटी. रस्त्याकडना उलटी चालत आली. खांद्यावर डोली, डोलीत दिगू. कड्याजवल थांबली. दिगूने तोंडातला पानी काडून तांब्यात भरला. तांब्या हडलीने घेतला. हडल म्हातारी, वाकलेली, केस मोकले, तीच सगल्यांची म्होरकी. मंग ती उलटीच माज्या गुरांकडे सरकाय लागली, तवा मी पलाले. पलताना मागे बगितला तर बाकीची दिगूला दोरान कड्याखाली सोडत होती.’

“गावात पसरलंय हे,” विश्रामभाऊ म्हणाले. “भुतांनी नेला म्हणतायत. म्हणजे गेलाच. शालनच्या कानावर गेलं आणि काल रात्रीपासून ती बोलत नाहीये. मला एवढंच सांगा, हे त्या म्हातारीला उन्हामुळे दिसलं. मी तसं लिहून गावात लावतो.”

शर्वाणीबाईंनी अर्ज पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा.

“भाऊ, बसा जरा. मी तीन वर्षं इथे काय करते ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही माझाही अर्ज बाद केला असता.”

सड्याच्या दक्षिण टोकाला त्यांनी माणसाएवढं एक घड्याळ उभं केलं होतं, तारखेची पाटी असलेलं. साध्या मृगजळात लांबची वस्तू भलत्याच ठिकाणी दिसते. हे घड्याळही कधीकधी उत्तर टोकावर, हवेत तरंगताना दिसे. पण तेव्हा त्यात जी वेळ दिसे ती आत्ताची नसे. ती नेमकी सत्तेचाळीस तास दहा मिनिटं मागची असे. चौदा वेळा असं नोंदलं गेलं होतं.

“सड्याच्या खाली लोहाचे थर एका विशिष्ट रचनेत आहेत. तापले की वरची हवा प्रकाशाला जागेत वाकवते, आणि हे थर त्याला काळात वाकवतात. मी त्याला कालमरीचिका म्हणते. वाकण्याचं माप ठरलेलं, म्हणून अंतरही ठरलेलं.”

“म्हणजे परवाचं दिसतं.”

“परवाचं. आणि तोच घोळ आहे. आपल्या भाषेत परवा मागेही असतो आणि पुढेही. गणितातही तसंच निघत होतं. मी पुढचा परवा खोडून टाकला, कारण तसा पुरावा नव्हता.” त्या थांबल्या. “नव्हता असं मला वाटत होतं.”

त्यांनी बाद केलेल्या चित्रफितींचा कप्पा उघडला. त्यात पाच तुकडे होते. पाचही तुकड्यांत घड्याळाचा सेकंदकाटा उलटा फिरत होता. यंत्राने चित्र उलटं चालवलं असणार असं समजून त्यांनी ते पुरते न पाहताच टाकून दिले होते. शेवटचा तुकडा गेल्या बुधवारचा. त्यात प्रमिला शिडीवर चढून घड्याळाला तेल देत होती, म्हणजे घड्याळातून तेल काढून कुपीत भरत होती. पाटीवर तारीख शुक्रवारची.

“पण प्रमिला तर शुक्रवारीच आली होती,” विश्रामभाऊ म्हणाले.

“हो. बुधवारी मी शुक्रवार पाहिला आणि कचऱ्यात टाकला. आरसा डावं-उजवं बदलतो, तसा हा थर आधी-नंतर बदलतो. मागच्या काळातून येणारा प्रकाश सरळ येतो. पुढच्या काळातून येणारा शेवटाकडून सुरुवातीकडे येतो.”

विश्रामभाऊंच्या डोक्यात त्यांच्या धंद्यातलं उदाहरण आलं. “डेपोत गाड्यांची रांग रिव्हर्समध्ये आत घेतली तर शेवटची गाडी पहिली येते. आणि ड्रायव्हर सगळे पाठमोरे.”

“अगदी तसंच. म्हणून माणसं उलटी चालताना दिसतात. तुमच्या कपाटात उलट्या पावलांचे किती अर्ज आहेत?”

“एकोणीस.” पण ते आकडे मोजायला आले नव्हते. त्यांनी अर्ज स्वतःकडे ओढला आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचत गेले, बोट ठेवून, एकेक वाक्य. दोराने कड्याखाली सोडत होती. म्हणजे दोराने वर घेत होती. उलटी चालत कड्याकडे आणला. म्हणजे कड्यावरून रस्त्याकडे नेला. चार जणांनी दिगूला कड्याखालच्या घोडघळीतून वर काढला होता. काढणार होते.

“वर काढतात प्रेतसुद्धा,” ते म्हणाले. ते वाक्य उच्चारायला त्यांना फार कष्ट पडले.

शर्वाणीबाईंनी त्यांचं बोट धरून एका ओळीवर ठेवलं. “हे उलटं वाचा.”

‘दिगूने तोंडातला पानी काडून तांब्यात भरला.’

भाऊंनी ते वाचलं. नंतर चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं. दिगू पाणी पिणार होता. मेलेला माणूस पाणी पीत नाही.

“किती वाजता?” त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तराच्या मागे लागले. भागीरथी अक्षरशत्रू असली तरी खाणाखुणांना पक्की. दिगूने तांब्यात पाणी भरलं तेव्हा तालुक्याची गाडी वळणावर होती, असं तिने अर्ज भरताना सांगितलं होतं. “पाच-पाचची गाडी.” त्यांनी डेपोला फोन लावला. सोमवारी गाडी अकरा मिनिटं उशिरा होती. त्याबद्दल नव्या कंट्रोलरला दोन शब्द ऐकवायचेही ते विसरले. पाच-सोळा, अधिक सत्तेचाळीस तास दहा मिनिटं. “बुधवार. चार सव्वीस. उद्या. मग उद्या चारपर्यंत थांबायचं?”

“थांबायचं कशाला? चित्रात तो वर आलेला दिसला. कोणी वाट बघत बसलेलं नाही दिसलं. आपण गेलो म्हणून ते चित्र पडलं.”

घोडघळ म्हणजे कड्याच्या पोटातली कपार. वरून पुढे आलेल्या खडकामुळे ती समुद्रावरूनही दिसत नाही आणि आकाशातूनही नाही. गावातलं कोणी कधी तिथे उतरलं नव्हतं. पोलिसपाटलांनी भुतांच्या साक्षीवर माणसं द्यायला साफ नकार दिला. प्रमिलाने काही न विचारता दुकानाला कुलूप लावलं. बोअरचे पंप उचलायची तिपाई आणि चेनपुली टेम्पोत घातली, दोर गोळा केले. हे सगळं सड्यावर पोचेपर्यंत अंधार पडला आणि भरतीचं पाणी घळीत शिरलं. बुधवारी सकाळी कातळात खुंट्या ठोकण्यात चार तास गेले. कातळवेळीचा जांभा खुंटीला सहजी दाद देत नाही.

अडीच वाजता ओहोटी लागली आणि प्रमिला खाली उतरली. वर चेन धरून विश्रामभाऊ आणि शर्वाणीबाई. लाटांच्या आवाजात काही ऐकू येईना. भाऊंचे ओठ हलत होते. ते कोणाचं नाव घेत होते हे बाईंनी विचारलं नाही.

“आहे,” खालून प्रमिलाचा आवाज आला.

“श्वास?” भाऊंनी विचारलं.

“शिव्या देतोय. इतका वेळ का लावला म्हणून.”

विश्रामभाऊंनी चेन सोडून दोन्ही हात जोडले. चेन शर्वाणीबाईंच्या हातात होती म्हणून बरं.

दिगंबरचा पाय मोडला होता, ओठ फुटले होते. खडकातून झिरपणारं थेंब थेंब पाणी चाटत त्याने दिवस काढले होते. त्याला फळीवर बांधून वर घ्यायला दीड तास गेला, प्रमिलाला वर घ्यायला आणखी पाच-सात मिनिटं. मग प्रश्न आला डोलीचा. दोन बांबू, चार टोकं आणि माणसं तीन. चौथा म्हणून भाऊंनी शालनच्या भावाला सांगितलं होतं, पण ‘त्या जागी’ यायचं म्हटल्यावर त्याला अचानक ताप भरला होता. त्यांनी दोनदा उचलून पाहिलं. दोन्ही वेळा एक कोपरा खाली गेला आणि दिगंबर कळवळला.

तेवढ्यात गुरांच्या बाजूने एक आकृती येताना दिसली. थबकत, पुन्हा चालत. जवळ आल्यावर दिसलं की ती भागीरथी होती. वाऱ्याने अंबाडा सुटलेला, कमरेत वाकलेली, हातात झाकण घातलेला तांब्या.

“लांबना बगत व्हते मगापास्ना,” ती म्हणाली. “पुन्ना भुताच म्हटला. मंग पावला बगितली. सरल हायत म्हनून आले.”

तिने तांब्या दिगंबरच्या तोंडाला लावला. तो घटाघटा प्यायला. भाऊंनी घड्याळ पाहिलं. चार सव्वीस. पण त्या क्षणी त्यांना वेळेपेक्षा दुसरंच काही दिसत होतं, आणि शर्वाणीबाईंनाही.

“आजी,” शर्वाणीबाई हळूच म्हणाल्या, “परवा तुम्हाला ती हडळ दिसली ना, तांब्या घेतलेली?”

“व्हय. लय वंगाल. म्हातारी, वाकलेली, केस—” भागीरथीने स्वतःचा हात केसांकडे नेला. मग तांब्याकडे पाहिलं. मग ज्या बाजूने आली त्या बाजूला, गुरांकडे. तिची मुद्रा हळूहळू बदलत गेली. सत्तर वर्षांत तिने स्वतःला कधी लांबून चालताना पाहिलं नव्हतं. कोण पाहतं?

“मी येवडी वाकलेय?” ती म्हणाली.

प्रमिला हसू लागली, डोलीतला दिगंबरही कण्हत कण्हत हसला, आणि शेवटी म्हातारीनेही पदर तोंडाला लावला. “चला, उचला,” ती म्हणाली. “हडलीला मागचा टोक द्या.” आणि तिने खांदा दिला.

रस्त्यावर शालन उभी होती. तिला कोणी सांगितलं कोण जाणे. चार माणसं खांद्यावरून काहीतरी घेऊन येताहेत एवढंच तिला लांबून दिसत होतं. ती पुढे आली नाही आणि मागेही गेली नाही. एक हात कपाळाशी धरून तशीच उभी राहिली.

“शालन,” डोलीतून दिगंबर म्हणाला, “काय खायला आणलंस?”

ती धावत आली. डोली खाली ठेवू दिली नाही, तशीच बाजूने चालू लागली, त्याचा हात घट्ट धरून.

“चार दिवस काय खाल्लंत?”

“कालवं.”

“कच्ची?”

“मग? चूल होती तिथे?”

“पोट बिघडलं असतं म्हणजे,” ती म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. चालता चालता ती रडत होती आणि त्याला रागावत होती. मागच्या बांबूखाली विश्राम तोडणकरही आता मोकळेपणाने रडत होते, आणि त्यांना कोणी गप्प केलं नाही.