हेरंब शब्दाचा संदर्भ

बी.ए.चा निकाल पाहायला हर्षाली नारायणगावच्या नेट कॅफेत शिरली, तेव्हा कॅफेवाला अमृत इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात ओझरच्या गणपतीचं पान लिहीत बसला होता. तिच्या कपाळावरचा शेंदूर बघून म्हणाला, "ओझरहून आलात जणू. हेरंब म्हंजी काय वो?"

वारूळवाडीची हर्षाली गणपतीची नावं म्हटल्याशिवाय रोज पाणीही पीत नसे. अर्थ मात्र...

"दीनांचा सांभाळ करणारा," ती हळूच म्हणाली.

"कशात हाय? हितं संदर्भ द्यावा लागतो."

त्याचे डोळे हसत होते. तिच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या कॉलेजच्या संस्कृत शब्दकोशात. मी पाहिलाय."

त्यानं खणाकडं एकदा पाहिलं, मग कोशाचं नाव टाइप केलं. "लई उपकार झाले."

तो कोश तिनं कधी उघडलाही नव्हता. कीर्तनात ऐकलेला अर्थ होता तो. दुसऱ्या दिवसापासून ओझरला हात जोडले, की तिची नजर मूर्तीपर्यंत जाईना. शेवटी ती कॉलेजात गेली. कोश एकच, तोही कुणीतरी घरी नेलेला.

ती तशीच कॅफेत आली.

"बरं झालं आलात. ज्ञानकोशात एकानं त्या कोशाचा पान नंबर इचारलाय."

"मी खोटं बोलले," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "त्या कोशाचं नाव काढून टाका. मला तुमच्यापुढं..."

"माझ्यापुढं काय?"

"...शहाणं दिसायचं होतं."

अमृतचा चेहरा उतरला. त्यानं खणातून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला जाडजूड ग्रंथ काढला. आत कॉलेजचा शिक्का.

"भनीच्या कार्डावर आणलाय. उन्हाळ्यापासनं माझ्याकडंच हाय."

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला..."

"म्हाईत व्हतं."

"तरी लिहिलंत?"

"खोटं म्हनलो असतो तर परत आला असता व्हय तुमी?" त्याचा आवाज अगदी खाली गेला. "देवाच्या पानावर खोटं लिवलं, आन तेबी तुमच्यासाठी. माझीच मला लाज वाटतीय."

हर्षालीचे कान तापले. "आधी ते काढा."

त्यानं काढलं. दुसरी खुर्ची ओढली, कोश मधे ठेवला. हेरंब – गणपती. त्याखाली, रेडा. दीनांचा सांभाळ कुठंच नव्हता.

"रेडाबी लिवायचा?"

"आहे ते लिहा," ती पुटपुटली.

पान नंबर शोधताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं. वर बघायची हिंमत दोघांनाही नव्हती... पण हात तिनं काढून घेतला नाही.